पाटी लावलेलं रान

सिंगापूरच्या रस्त्यांकडेला उभ्या असलेल्या जुन्या रेन ट्रीच्या फांद्यांवर एक साधंसं ऑर्किड वाढतं. वर्षातले बहुतेक दिवस त्याच्याकडं कुणी मान वर करूनही बघत नाही. मग एखाद्या दुपारी आभाळ भरून येतं, धो धो पाऊस कोसळतो आणि हवा झपकन गार होते. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी शहरभरातली ही सगळी ऑर्किडं एकदम फुललेली दिसतात. फुलं पांढरीशुभ्र, सुगंधी, आणि आयुष्य जेमतेम एका दिवसाचं. तिकडं त्याला पिजन ऑर्किड म्हणतात.

या नऊ दिवसांच्या गणिताचा उलगडा सिंगापूर आणि जावा इथं काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात केला. या ऑर्किडच्या कळ्या एका टप्प्यापर्यंत वाढतात आणि तिथंच थबकतात. तापमान साधारण ५ अंशांनी एकाएकी उतरलं की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. सगळ्या झाडांना इशारा एकाच दुपारी मिळतो, म्हणून फुलणंही एकाच दिवशी होतं. फूल एकच दिवस टिकणार असेल, तर शेजारपाजारच्या सगळ्यांनी तोच दिवस साधायला हवा. नाहीतर एका फुलाचा पराग दुसऱ्यापर्यंत पोचणार कसा?

घनदाट जंगलात हे कोडं सुटायला फार वेळ लागला असता. तिथं हे ऑर्किड तीस-चाळीस मीटर उंचीवर कुठंतरी लपलेलं. ते फुललं कधी, सुकलं कधी, शेजारच्या दरीत त्या दिवशी काय झालं, हे कोण बघणार? बागेत मात्र कुठल्या झाडावर कुठलं ऑर्किड आहे ते ठाऊक असतं. जवळच तापमापक आणि पर्जन्यमापक असतो, आणि रोज सकाळी त्या वाटेनं जाणारा एखादा माणूस असतो. वनस्पती उद्यान संशोधनाच्या कामी येतं ते याच कारणानं. तिथल्या झाडाला नाव असतं, नंबर असतो, ते कुठून आलं याची नोंद असते. आणि माणसं बदलली तरी त्याच्यावरची नजर पिढ्यान्‌पिढ्या हटत नाही.

उष्णकटिबंधातल्या जुन्या वनस्पती बागा यासाठी उभ्या राहिल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. त्या साम्राज्यांच्या रोपवाटिका होत्या. १८४८ मध्ये जावातल्या बोगोरच्या बागेत तेलताडाची चार रोपं लावली गेली आणि आग्नेय आशियातल्या पामतेलाच्या धंद्याचा पाया पडला. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची २२ रोपं सिंगापूरला पोचली. झाड न मारता त्याचा चीक कसा काढायचा, याचं तंत्र तिथल्याच बागेचे संचालक हेन्री रिडली यांनी बसवलं. मळेवाल्यांची भरभराट झाली, जंगलं तुटली. पण या व्यापारी बागांमध्ये नकळत आणखी एक गोष्ट साठत गेली. हजारो जातींची झाडं शेजारीशेजारी वाढत होती, आणि त्यांच्या नोंदी राहत होत्या.

त्या साठ्याचं मोल ओळखलं ते मेल्खियोर ट्रॉब या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं. बोगोरची बाग १८१७ मधली. तेव्हा गावाचं नाव होतं बॉयटेनझोर्ख. जकार्ताच्या दक्षिणेला, डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या या गावात कोकणाइतका किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो, आणि तो चार महिन्यांत न उरकता वर्षभर वाटून पडतो. ट्रॉब १८८० मध्ये इथं संचालक झाला. परदेशी अभ्यासकांना येऊन राहता यावं, सूक्ष्मदर्शक लावून बसता यावं, म्हणून त्यानं बागेत पाहुण्यांसाठी प्रयोगशाळा उघडली. तोवर युरोपातल्या प्राध्यापकांनी उष्णकटिबंधातली झाडं पाहिली होती ती सुकवून कागदावर चिकटवलेली, नाहीतर काचगृहातल्या कुंडीत खुरटलेली. आता ते बोटीनं जावाला येऊ लागले आणि पावसात भिजणारं जिवंत झाड बघू लागले. ‘उष्णकटिबंधीय वर्षावन’ ही कल्पना १८९८ च्या आपल्या ग्रंथातून रूढ करणारा आंद्रेआस शिंपरही त्या काळात इथं येऊन गेला होता.

बाग जवळ असल्याचा फायदा १८८३ नंतर फार ठळकपणे दिसला. त्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि बेटावरचं सगळं हिरवं राखेखाली गेलं. ट्रॉब १८८६ मध्ये तिथं उतरला. राखेवर त्याला नीलहरित शेवाळाचा चिकट थर दिसला आणि त्यावर उगवलेले नेचे. उघड्या राखेवर जीवसृष्टी कुठल्या क्रमानं परतते, याच्या अभ्यासाची ती सुरुवात होती. पुढं शंभरहून अधिक वर्षं शास्त्रज्ञ त्या बेटांवर जात राहिले.

याच बागेत अर्न्स्ट श्टाल नावाच्या जर्मन अभ्यासकाला पानांच्या टोकांनी खिळवून ठेवलं. पिंपळाचं पान हातात घेऊन बघा. हृदयाच्या आकाराचं पातं खाली येत येत एकदम निमुळतं होतं आणि पुढं बारीक शेपटासारखं लांबत जातं. पाऊस पडताना पातं भिजतं, पाणी मधल्या शिरेवरून घरंगळत त्या शेपटाकडं येतं आणि टोकाशी थेंब धरून गळून जातं. पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात पान कोरडं होतं. वर्षावनातल्या कितीतरी झाडांच्या पानांना अशी टोकं असतात, आणि त्या झाडांचं एकमेकांशी काही नातंही नसतं. श्टालनं काही पानांची टोकं कापून टाकली. टोक नसलेली पानं जास्त वेळ ओली राहत होती. १८९३ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं.

पान लवकर वाळलं तर त्याचा झाडाला फायदा काय, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. पानावर वाढणारी शेवाळं आणि दगडफुलं त्यामुळं रोखली जात असतील, असा कयास होता. कोस्टा रिकातल्या अभ्यासकांनी तपासलं, तर लांब टोकाच्या पानांवर ती कमी वाढतात असं काही आढळलं नाही. ॲमेझॉनमध्ये मात्र जिथं पावसाळा जास्त जोरदार, तिथं अशी टोकं असलेली झाडं जास्त सापडली. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बागेत कात्रीनं उपस्थित केलेला प्रश्न आजही संशोधकांना रानात पाठवतो आहे.

पानगळीचं कोडं त्याहून गुंतागुंतीचं. महाराष्ट्रात पानगळ म्हटलं की माघ-फाल्गुन आठवतो. पाणी आटतं, हवा कोरडी होते, झाडं पानं टाकतात. पण सिंगापूरला कोरडा ऋतूच नाही. दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखे, पाऊस बारमाही. मग तिथल्या झाडांनी पानं कधी टाकायची? सिंगापूरच्या बागेत रिचर्ड होल्टम यांनी ठरावीक झाडं निवडून वर्षानुवर्षं त्यांच्या नोंदी ठेवल्या. पानं कधी गळली, नवी कधी फुटली, फुलं कधी आली, हे सगळं टिपलं, आणि १९३१ मध्ये निष्कर्ष मांडले. काही झाडं वर्षाला एकदा पालटत होती. काहींचं चक्र बारा महिन्यांच्या आतच पुरं होत होतं, तर काहींना वर्षाहून बराच जास्त काळ लागत होता. एकाच जातीची दोन झाडं शेजारी असूनही त्यांचा मेळ बसेलच असं नव्हतं. म्हणजे ऋतूंचा इशारा नसतानाही झाडाच्या आत काहीतरी लय चालू होती. ती लय कितपत जन्मजात आणि कितपत हवामानाची देणगी, यावर गेओर्ग क्लेब्स आणि गेओर्ग फोल्केन्स या दोन जर्मन शास्त्रज्ञांमध्ये त्याआधीच जुंपलेली होती, आणि दोघांचाही पुरावा जमला होता तो बोगोरच्या बागेतच.

आज हवामान बदलत असताना या जुन्या वह्यांना नवं मोल आलं आहे. शंभर वर्षांपूर्वी अमुक झाड कधी फुलत होतं हे सांगणारी लिखित नोंद उष्णकटिबंधात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यातला मोठा भाग बागांच्या कपाटांत आहे.

सिंगापूरच्या बागेतच एडरेड कॉर्नर यांनी १९३० च्या दशकात एक अफलातून उपाय केला. उंच झाडाच्या शेंड्यावरची फुलं-फळं हातात कशी यायची, ही वनस्पतिशास्त्रज्ञांची जुनी अडचण. मलायात नारळ उतरवायला आखूड शेपटीची माकडं शिकवून तयार करतात, त्यांना तिकडं बेरोक म्हणतात. कॉर्नर यांनी अशी माकडं बाळगली आणि त्यांना मलय भाषेतल्या हुकुमांवर फुलांच्या डहाळ्या तोडून खाली टाकायला शिकवलं. ज्या झाडांचे नमुने एरवी झाड तोडल्याशिवाय मिळत नव्हते, ते या माकडांनी मिळवून दिले. अंजीर आणि वडाच्या कुळावरच्या कॉर्नर यांच्या पुढच्या कामाला अशा जिवंत, ताज्या साहित्याची मदत झाली.

झाडाच्या आत घड्याळ असतं याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा उष्णकटिबंधाबाहेरच्या बागेनं दिला. जमैकाच्या डोंगरांत चस्क्विया गटातला एक वेलासारखा चढणारा बांबू आहे. तो १८८० च्या दशकात तिथं सगळीकडं फुलला आणि मेला. त्याची काही रोपं आधीच लंडनच्या क्यू उद्यानात नेऊन लावली होती. हवा वेगळी, माती वेगळी, ऊन वेगळं. पण काचेखाली वाढलेली ती रोपंही त्याच सुमाराला फुलली. पुढच्या वेळी जमैकातला बांबू फुलला तो १९१८ मध्ये, म्हणजे सुमारे ३३ वर्षांनी. पाऊस किंवा थंडी यांना इथं दोष देता येत नाही. मोजणी बांबूच्या पेशींमध्येच चालली होती.

एक झाड इथं आणि त्याचं भावंड तिथं लावून बघणं, हा बागेतल्या प्रयोगाचा एक प्रकार. त्याच्या उलटा प्रकार आज जास्त वापरला जातो. वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या जातींची झाडं आणून एकाच मातीत, एकाच उन्हात, एकाच पावसात लावायची. वेगवेगळ्या घरांत जन्मलेली मुलं एकाच घरात वाढवली, तर त्यांच्यात उरलेला फरक घरामुळं आला असं म्हणता येत नाही. झाडांचंही तसंच. जंगलात एक झाड ओढ्याकाठी असतं, दुसरं कड्यावर. दोघांत फरक दिसला तरी तो जातीचा की जागेचा, हे सांगता येत नाही. बागेत ही गाठ सुटते.

चीनच्या युनान प्रांतातली शिश्वांगबान्ना उष्णकटिबंधीय वनस्पती बाग या कामासाठी आज ओळखली जाते. लाओस आणि म्यानमारच्या सीमांजवळ, मेंगलुन गावी, नदीच्या वळणातल्या जमिनीवर ती १९५९ मध्ये त्साय शिताओ यांनी उभी केली. अक्षांश साधारण आपल्या सातपुड्याचा. हिवाळा-उन्हाळा कोरडा, मग पावसाळा. अकराशे हेक्टरांहून मोठा परिसर, त्यात राखलेलं मूळ जंगल, आणि बारा हजारांहून अधिक प्रकारच्या वनस्पती. बाग चिनी विज्ञान अकादमीची असल्यानं तिथं माळ्यांच्या बरोबरीनं संशोधक आणि विद्यार्थीही राबतात.

तिथं झालेला वडवर्गीय झाडांचा अभ्यास मराठी वाचकाला घरचाच वाटेल. जुन्या इमारतीच्या भेगेत, पाण्याच्या नळाच्या खोबणीत, देवळाच्या शिखरावर पिंपळ उगवलेला सगळ्यांनी पाहिला आहे. पाखरानं टाकलेलं बी, चिमूटभर धूळ, पावसाचे चार थेंब, एवढ्यावर ते रोप तग धरतं. दरवर्षी रंगकाम करताना उपटलं तरी पुन्हा फुटतं. रानात हेच रोप दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवतं, तिथून मुळं खाली सोडतं आणि ती जमिनीला टेकली की झपाट्यानं वाढतं. वड, पिंपळ, नांद्रुक अशा कितीतरी जातींची ही रीत. उंबर मात्र आपला सरळ जमिनीत उगवतो, शक्यतो ओढ्याकाठी.

प्रश्न असा होता की, बालपण झाडाच्या खांद्यावर काढलेल्या या जाती जमिनीत मुळं गेल्यावर बदलतात का? आता तर पाणी मुबलक आहे. मग काटकसर सोडून देतात का? जंगलात याचं उत्तर काढणं कठीण. शिश्वांगबान्नात दोन्ही गटांतली झाडं पहिल्यापासून जमिनीत लावलेली, वाढलेली, एकाच बागेत उभी होती. संशोधकांनी फांद्या कापल्या, त्यांच्यातून पाणी किती सहज वाहतं ते मोजलं. पानांची रंध्रं किती उघडतात, पान किती वाळलं की मरतं, हे तपासलं. दुसऱ्या झाडावर जन्म घेणाऱ्या जातींच्या खोडांतून पाणी कमी वाहत होतं. त्यांची पानं पाणी जपून वापरत होती आणि वाळण्याला जास्त काळ तोंड देत होती. जमिनीवर उगवणाऱ्या जाती पाणी भरभर खेचत होत्या, जोमानं अन्न तयार करत होत्या आणि कोरड पडली की लवकर हात टेकत होत्या. म्हणजे भिंतीवरच्या पिंपळाची काटकसर त्याच्या रक्तातच आहे. त्याला बागेतली ओलसर जमीन दिली तरी ती सुटत नाही. हवामान कोरडं होत गेलं तर कुठली झाडं टिकतील आणि कुठली कोसळतील, याचा अंदाज बांधायला असे मोजलेले गुणधर्म लागतात.

काही गोष्टी जंगलात मोजायला गेलं तर नशीबच लागतं. सुमात्रातला टायटन ॲरम हा आपल्या सुरणाचा आणि पावसाच्या तोंडावर बाजारात येणाऱ्या शेवळाचा थोरला नातेवाईक. त्याचा फुलोरा माणसापेक्षा उंच वाढतो, पण कित्येक वर्षांत एकदा येतो आणि दोन दिवसांत आटोपतो. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या वनस्पती बागेत तो फुलणार हे आधी ठाऊक असल्यानं उष्णता टिपणारे कॅमेरे लावून ठेवता आले. रात्री फुलोऱ्याचा मधला दांडा ठोक्याठोक्यानं तापत होता, अगदी ३६ अंशांपर्यंत. माणसाच्या अंगाइतका. तापलेल्या हवेबरोबर त्याचा सडका वास वर चढतो आणि दूरवर पसरतो. कुजलेल्या मांसावर जाणारे कीटक त्या वासानं येतात आणि परागीभवन होतं.

बागेनं दिलेला सगळ्यात अस्वस्थ करणारा धडा मात्र लावलेल्या झाडांचा नाही. तो न तोडलेल्या जंगलाचा आहे. सिंगापूरची बाग १८५९ मध्ये आखली गेली तेव्हा मूळ वर्षावनाचा काही हेक्टरांचा तुकडा तिच्या आत राहिला. भोवतालचं जंगल गेलं, शहर वाढलं, तुकडा तेवढा उरला. बागेतल्या शास्त्रज्ञांनी १८९० च्या दशकापासून तिथल्या वनस्पतींची यादी करायला सुरुवात केली होती. पुढं १९९० च्या दशकात इयान टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच तुकड्यातली चार हेक्टर जागा नव्यानं पिंजून काढली. जुन्या यादीतल्या सुमारे साडेचारशे देशी जातींपैकी जवळपास निम्म्या नाहीशा झाल्या होत्या. तिथं कुणी कुऱ्हाड घातली नव्हती. ते जंगल राखलेलंच होतं. झुडपं, वेली आणि झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती सगळ्यात आधी गेल्या. मोठे वृक्ष बरेच उरले. परदेशी जाती मात्र मधेमधे घुसल्या होत्या.

मोठे वृक्ष उरले यावर समाधान मानायचं कारण नाही. वृक्षांची आयुष्यं शेकडो वर्षांची. ज्यांची तिथं एक-दोनच झाडं उरली आहेत, त्यांना जोडीदार नाही, बी दूर नेणारा पक्षी नाही, खाली रोप नाही. ते उभे आहेत, पण त्या जागेपुरतं त्यांचं कुळ संपत आलं आहे. शंभर वर्षांची यादी हाताशी नसती तर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. वरवर पाहणाऱ्याला तिथं आजही गर्द, निरोगी जंगलच दिसतं. सह्याद्रीत शेतं आणि रस्ते यांच्या मधोमध उरलेल्या देवराया किती एकराच्या आहेत याचा विचार केला, की सिंगापूरचे हे आकडे पोटात गोळा आणतात.

बागांनी जंगलाचं नुकसानही केलं आहे, आणि त्याचाही अभ्यास बागांमुळंच झाला. टांझानियातल्या पूर्व उसंबारा डोंगरांत अमानी इथं जर्मनांनी १९०२ मध्ये मोठी वनस्पती बाग सुरू केली. जगभरातून आणलेली झाडं तिथं ठरावीक वाफ्यांत लावली. कुठली, किती ठिकाणी, याच्या नोंदी राहिल्या. सुमारे शंभर वर्षांनी संशोधक त्या नोंदी घेऊन गेले तेव्हा मूळ लागवडीतल्या दोनशेहून अधिक परदेशी जाती तिथं अजून जिवंत होत्या. त्यांतल्या कुठल्या जागच्या जागी राहिल्या, कुठल्यांनी आपल्याभोवती पिल्लावळ वाढवली आणि कुठल्या जंगलात शिरल्या, हे त्यांनी एकेक करून पाहिलं. पसरण्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळी कारणं काम करतात, असं त्यातून निघालं. त्याच डोंगरांत लावलेला मीसॉप्सिस हा झपाट्यानं वाढणारा वृक्ष तर धनेशांनी फळं खाऊन रानभर पसरवला.

भारतात याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. शोभेसाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आलेली घाणेरी आज महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक डोंगरउतारावर आहे. तिलाच टणटणीही म्हणतात, आणि तिची फुलं लहान मुलं गजऱ्यासारखी ओवतात. तिच्याखाली मात्र गवत उगवत नाही आणि गुरांना ती बाधते. परदेशी झाड मागवणाऱ्या प्रत्येक बागेनं अमानीचा अभ्यास वाचायलाच हवा.

बागेतल्या झाडाकडून सगळीच उत्तरं मागता येत नाहीत. एका जातीचं एकच झाड असेल, तर त्याचा स्वभाव हा त्या जातीचा म्हणायचा की त्या एकट्याचा? रोज पाणी घातलेलं झाड दुष्काळात कसं वागतं हे कसं कळणार? जंगलात उजेडासाठी धडपडत सरळसोट वर गेलेलं खोड बागेत, मोकळ्या जागी, खालपासून फांद्या फोडतं आणि डेरेदार होतं. मुळांशी राहणारी बुरशी, परागीभवन करणारा किडा, पानं कुरतडणारी अळी, यांतलं बरंचसं बागेत आलेलंच नसतं. म्हणून चांगला संशोधक बागेत प्रश्न नेमका करतो आणि मग रानात जाऊन तपासतो.

त्यात आणखी मोठी उणीव म्हणजे असमतोल. २०१७ मध्ये जगातल्या वनस्पती बागांच्या याद्या एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. या बागांत मिळून १,०५,६३४ जाती सापडल्या, म्हणजे वनस्पतींच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ३० टक्के. धोक्यात असलेल्या जातींपैकी ४१ टक्के कुठल्या ना कुठल्या बागेत आहेत. पण बागेतल्या जातींपैकी ९३ टक्के सांभाळल्या जातात त्या उत्तर गोलार्धात. आणि ज्या जाती कुठल्याच बागेत नाहीत, त्यांच्यातल्या अंदाजे ७६ टक्के उष्णकटिबंधातल्या आहेत. झाडं जिथं सर्वांत जास्त, तिथंच बागा आणि नोंदी कमी.

महाराष्ट्राला या कामाची जुनी ओळख आहे. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात वनस्पती बाग होती. १८३८ पासून तिची देखरेख करणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढं १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. झाडं ओळखणाऱ्या, त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाच्या हाती जंगलं सोपवली गेली, हा योग महत्त्वाचा होता. डोंगर उघडे पडले तर झऱ्यांचं आणि पावसाचं काय होईल, याची काळजी ते सरकारला कळवत राहिले. ती बाग टिकली नाही. आज कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या दुर्मीळ कंदीलपुष्पांचा संग्रह जोपासला आहे. ही फुलं चिमुकल्या माश्यांना काही काळ आत अडकवून परागीभवन करून घेतात. कुठल्या कड्यावर कुठली जात मिळाली हे ठाऊक असलेल्या अशा संग्रहाला प्रयोगाची किंमत असते, नुसत्या शोभेची नाही.

राज्यात वनस्पतिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं शेकड्यांनी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी मागच्या आवारात छोटी बागही असते. झाडाच्या पाटीवर शास्त्रीय नाव असतं, कुळ असतं, औषधी उपयोगही असतो. बी कुठल्या गावच्या रानातून, कुणी, कधी आणलं हे मात्र क्वचितच लिहिलेलं सापडतं. ते लिहिलं तर एकट्या कारवीवर केवढं काम होऊ शकेल. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, निळीजांभळी, डोंगरच्या डोंगर झाकून, आणि बी धरून मरते. वेगवेगळ्या डोंगरांवर तिच्या फुलण्याचं साल वेगळं असतं. भीमाशंकरची, कळसूबाईची आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी एकाच आवारात शेजारीशेजारी लावली, तर ती आपापल्या डोंगराचं साल पाळेल की नव्या जागी एकमेकींशी जुळवून घेईल? जमैकाच्या बांबूसारखं तिच्या आतही घड्याळ आहे का, हे त्यातून कळेल. लागेल ती जमीन चार गुंठ्यांची. पहिलं उत्तर मिळायला सात-आठ वर्षं जातील आणि त्याची खात्री व्हायला पंधरा-सोळा. आज अकरावीत असलेल्या मुलीनं ही रोपं लावली, तर दुसरा फुलोरा टिपेपर्यंत ती त्याच महाविद्यालयात शिकवत असेल.